‘स्टॉर्म’ कुठे वाचावं: मौसम ॲप, दामिनी आणि हवामान खात्याचं मराठी पत्रक

‘स्टॉर्म’ म्हणजे वादळ, हे आपण शाळेत पाठ केलं आणि हवामानाचा अंदाज वाचतानाची गफलत तिथूनच सुरू झाली. मोबाईलवर ‘थंडरस्टॉर्म’ असं दिसलं की घरात ‘आज वादळ आहे म्हणे’ असा निरोप फिरतो. चार वेळा नुसताच गडगडाट होऊन पावसाची एखादी सर येते. पाचव्या वेळी खरोखर झाडं पाडणारा वारा सुटणार असतो, पण तोवर त्या शब्दाची भीड चेपलेली असते. म्हणून भारतीय हवामान विभागाच्या (आपल्या तोंडी अजून हवामान खातंच) फुकट मिळणाऱ्या सेवा इथे या एका शब्दावर तपासल्या आहेत: मौसम ॲप, तीन तासांचा तात्काळ अंदाज म्हणजे नाऊकास्ट, मुंबई व नागपूरच्या प्रादेशिक केंद्रांची मराठी पत्रकं, आणि रडारची चित्रं. जोडीला पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेचं दामिनी ॲप.

निकाल आधीच सांगतो. शब्दांच्या नेमकेपणात मराठी पत्रक सगळ्यांत वरचढ आहे, इंग्रजीपेक्षाही. पुढच्या दोन-तीन तासांसाठी नाऊकास्ट आणि रडार यांना पर्याय नाही. मौसम ॲप उत्तम आहे ते जिल्ह्याचा पाच दिवसांचा इशारा बघायला. ‘संध्याकाळी सहाला पाऊस येईल का’ हा प्रश्न त्याला विचारू नये. दामिनी फक्त विजेसाठी.

आता शब्द. मराठीतल्या ‘वादळ’मध्ये वारा गृहीत आहे. वारा नसेल तर आपण त्याला वादळ म्हणत नाही. इंग्रजीतल्या ‘स्टॉर्म’ला ही अट नाही. वातावरणात मोठी उलथापालथ झाली की स्टॉर्म, मग ती बर्फाची असो, गारांची असो, धुळीची असो की नुसत्या गडगडाटाची. मुंबई महापालिकेत ‘स्टॉर्म वॉटर ड्रेन’ असतात, त्यांचं मराठी ‘पर्जन्य जलवाहिन्या’ असं आहे आणि ते अगदी बरोबर आहे, कारण तिथे ‘स्टॉर्म’ म्हणजे निव्वळ पावसाचं पाणी. ब्रिमस्टोवॅड (बृहन्मुंबई स्टॉर्म वॉटर डिस्पोजल) या प्रकल्पाच्या नावातही तोच अर्थ दडलेला आहे: मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, ती ५० मिलिमीटरच्या हिशेबाने वाढवायची. वाऱ्याचा त्यात काही संबंध नाही.

हवामानशास्त्रात ‘थंडरस्टॉर्म’ची मूळ व्याख्याही अशीच साधी आहे. वेधशाळेत निरीक्षकाच्या कानावर गडगडाट आला की थंडरस्टॉर्मची नोंद होते. वारा किती होता, पाऊस पडला की नाही, हे वेगळे रकाने. म्हणून ‘गडगडाटी वादळ’ हे शब्दशः भाषांतर दिशाभूल करतं. मराठी पत्रकात ‘मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह पाऊस’ असं येतं आणि वारा अपेक्षित असेल तरच तो वेगळा, आकड्यासकट लिहिला जातो. पत्रकाला वरचा नंबर दिला तो यासाठी.

त्या संदेशाचा ठरलेला साचा एकदा नीट वाचू. ‘पुढील ३ तासांत रायगड, ठाणे जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस आणि ताशी ३०-४० किमी वेगाने सोसाट्याचा वारा वाहण्याची शक्यता.’ यातला प्रत्येक तुकडा मोजलेला आहे.

‘तुरळक ठिकाणी’ हा सगळ्यांत जास्त चुकीचा वाचला जाणारा शब्द. तुरळक म्हणजे कमी पाऊस नव्हे. त्या क्षेत्रातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. २६ ते ५० टक्के म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी, त्यावर बहुतेक सर्व ठिकाणी. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी अतिजोरदार’ हे वाक्य परस्परविरोधी नाही. चार गावांतल्या एका गावात ढग फुटल्यासारखा कोसळेल आणि उरलेल्या तिघांत ऊन असेल, तरी अंदाज शंभर टक्के बरोबर. ऊन पडलेल्या तीन गावांत मात्र ‘खात्याचं नेहमीचंच’ अशी प्रतिक्रिया उमटते, आणि ती अन्यायाची आहे.

‘हलका ते मध्यम’ हे २४ तासांच्या मापाचे शब्द. २.५ ते १५.५ मिलिमीटर हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. दिवस मोजायचा तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. यातली मेख अशी की वळवाचा पाऊस २४ तास पडत नाही. तो चाळीस मिनिटांत ४० मिलिमीटर ओततो आणि निघून जातो. नोंदीत तो ‘मध्यम’, पण भुयारी मार्गात कमरेइतकं पाणी. एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात या शब्दांवर विसंबून गाडी तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये ठेवू नये.

आणि वाऱ्याचा आकडा. खरं तर आधी तोच बघावा. नाऊकास्टमध्ये थंडरस्टॉर्मच्या पायऱ्या वाऱ्याच्या झोतावरून ठरतात: ताशी ४० किलोमीटरपर्यंत हलका, ४१ ते ६१ मध्यम, ६२ ते ८७ तीव्र, त्यापुढे अतितीव्र. हे आकडे कागदावर एकमेकांच्या जवळ दिसतात, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० चा वारा ६० झाला तर वेग दीडपट, दाब मात्र सव्वादोनपट. ६० चा १२० झाला तर दाब चौपट. म्हणून ३०-४० च्या इशाऱ्याला वाळत घातलेले कपडे आणि गच्चीवरचं सैल सामान आवरलं की भागतं. ५०-६० ला सुकलेल्या फांद्या आणि नीट न आवळलेले पत्रे धोक्याचे. ६० च्या पुढे आकडा गेला की झाडाखाली, होर्डिंगखाली, पत्र्याच्या शेडच्या आडोशाला थांबायचं नाही, पाऊस कितीही लागो.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोलपंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, ती चक्रीवादळाने नव्हे. अरबी समुद्रात त्या दिवशी चक्रीवादळ नव्हतंच. ते उन्हाळी थंडरस्टॉर्मचं पुढचं टोक होतं. ढगातून पावसासोबत थंड हवा वेगाने खाली आदळते आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरते. तिची आघाडी पावसाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी येते. आधी धूळ, मग अंधार, मग पाऊस, हा क्रम त्यातून येतो. आणि माणसं धुळीपासून वाचायला नेमका आडोसा शोधतात, तो बहुतेकदा पडण्याजोगाच असतो. उकाड्यात अचानक गार झुळूक लागली आणि पश्चिमेकडून किंवा घाटाकडून मळकट भिंत सरकताना दिसली, तर हातात मोजकी मिनिटं उरलेली असतात. ॲप उघडून बघायची ती वेळ नव्हे.

इथे ‘स्क्वॉल’ हा आणखी एक शब्द येतो. मराठीत त्यालाही वादळी वारा म्हणतात. व्याख्या नेमकी आहे: वाऱ्याचा वेग एकदम किमान २९ किलोमीटरने वाढून ४० किंवा जास्त व्हायला हवा आणि तो निदान एक मिनिट टिकायला हवा. मिनिटाच्या आत ओसरला तर तो ‘गस्ट’, म्हणजे झोत. मच्छीमारांच्या इशाऱ्यात ‘ताशी ४५-५५ किमी, झोत ६५ किमी’ असं लिहिलेलं असतं तेव्हा पहिला आकडा टिकणाऱ्या वाऱ्याचा आणि दुसरा झोताचा. होडीसाठी पहिला महत्त्वाचा, शिडासाठी आणि घराच्या कौलांसाठी दुसरा.

मौसम ॲप २०२० च्या जुलैमध्ये आलं. शहराचा सात दिवसांचा अंदाज, जिल्ह्याचे रंगीत इशारे, नाऊकास्ट आणि रडार हे सगळं त्यात एका ठिकाणी आहे. शहराच्या अंदाजात ‘जनरली क्लाउडी स्काय विथ वन ऑर टू स्पेल्स ऑफ रेन ऑर थंडरशॉवर्स’ यासारखी ठरीव वाक्यं येतात. ‘थंडरशॉवर’ म्हणजे गडगडाटासह आलेली सर. ‘शॉवर’ आणि ‘रेन’मध्येही फरक आहे. ‘शॉवर’ उभ्या वाढणाऱ्या ढगातून पडतो, एकदम सुरू होतो, एकदम थांबतो. आपली ‘सर’ तीच. ‘रेन’ पसरलेल्या ढगातून येणारा संततधार. हे कळलं की छत्री न्यायची की रेनकोट, स्लॅब टाकायचा की पुढे ढकलायचा, हे ठरवणं सोपं जातं. सरींच्या दिवशी दोन सरींमध्ये काम उरकता येतं, संततधारेत नाही.

रंगांबद्दल थोडक्यात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे पावलं उचला. रंग मिलिमीटर मोजत नाही, परिणामाचा अंदाज सांगतो. म्हणून उन्हाळ्यातला पिवळा आणि जुलैतला पिवळा वेगळे. मे महिन्यात जिल्हा पिवळा दिसला तर त्यावर बोट दाबून कारण वाचायचंच. तिथे बहुधा मेघगर्जना, वीज आणि वारा असतो. कापून ठेवलेला कांदा आणि मोहोर-फळाची बाग यांना जुलैतल्या पिवळ्यापेक्षा हा पिवळा जास्त भारी पडतो.

फोनमध्ये आधीपासून असलेल्या हवामानाच्या चौकटीत मात्र ढग आणि वीज यांचं चित्र दिवसागणिक येत असतं. त्यावर वाऱ्याचा इशारा म्हणून विसंबू नये, आणि त्याचं कारण साधं आहे. हे अंदाज जागतिक प्रारूपांवर, म्हणजे संगणकावर मांडलेल्या हवामानाच्या गणितांवर चालतात. ही प्रारूपं नकाशाचे चौकोन पाडतात आणि एका चौकोनाला एकच अंदाज देतात. अमेरिकेच्या जीएफएस या प्रारूपाचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपीय हवामान केंद्राचा ९ किलोमीटरचा. भारताची भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरवर आली, ही खरोखर अभिमानाची गोष्ट. पण गडगडाटी ढगाचा एक खांब पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात जन्मून संपतो. तो हडपसरवर फुटेल की वाघोलीवर, हे कोणतंही प्रारूप आदल्या दिवशी सांगू शकत नाही. ते फक्त एवढंच सांगतं की आज अशा ढगांना पोषक हवा आहे.

त्यासाठी रडार. मुंबईला कुलाबा आणि वेरावली, शिवाय पणजी, नागपूर असे रडार आहेत. चित्रं साधारण दहा मिनिटांनी बदलतात. पहिली चूक वेळेची होते: कित्येक चित्रांवर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत छापलेली असते, तीत साडेपाच तास मिळवायचे. १०३० दिसलं तर ते दुपारचे चार. हे न कळल्यामुळे लोक ताजं चित्र जुनं समजून बंद करतात. ‘मॅक्स झेड’ हे चित्र निवडावं. त्यात मधल्या चौकोनात नकाशा आणि वरच्या-उजव्या पट्ट्यांत ढगांची उंची दिसते. रंगाचा आकडा (डीबीझेड, म्हणजे ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींची ताकद) ४५ च्या पुढे गेला की गडगडाटाची तयारी, ५५ च्या पुढे गारांची शक्यता. पट्टीत शेंडा १२ किलोमीटरच्या वर गेलेला असेल तर तो ढग जोरकस आहे.

मग दोन चित्रं घ्यायची, दहा मिनिटांच्या अंतराची. लाल ठिपका ६ किलोमीटर सरकला असेल तर वेग ताशी ३६. तो तुमच्यापासून २५ किलोमीटरवर असेल तर चाळीसेक मिनिटं आहेत. वाऱ्याची आघाडी त्याआधी पोहोचेल म्हणून पंधरा मिनिटं वजा करा. उरली पंचवीस. ठिपके सरळ रेषेत न राहता धनुष्यासारखे पुढे वाकले असतील तर वाकलेल्या मधल्या भागात वारा सगळ्यांत जास्त असतो, हेही ध्यानात ठेवावं.

रडारची मर्यादाही ओळखून असावं. किरण सरळ जातो, पृथ्वी खाली वाकते. २०० किलोमीटरवर सगळ्यांत खालचा किरणही जमिनीपासून साधारण ४ किलोमीटर उंचीवर असतो. त्यात मध्ये सह्याद्री. म्हणून मुंबईच्या रडारवर घाटापलीकडचा पाऊस प्रत्यक्षापेक्षा फिका दिसतो. नगर किंवा नाशिकच्या पूर्वेला असाल तर फिक्या रंगावर निर्धास्त होऊ नका. तिथे नाऊकास्ट आणि दामिनी जोडीने बघावं.

दामिनी पडलेली वीज टिपतं. शेवटच्या ५, १० आणि १५ मिनिटांत तुमच्या भोवती वीज कुठे पडली ते रंगांनी दाखवतं. त्याला लोकेशन चालू लागतं, आणि फोन बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगवर असेल तर सूचना उशिरा येतात किंवा येतच नाहीत. शेतात जाणाऱ्याने निदान पावसाळ्याच्या दोन टोकांना या ॲपला त्या सेटिंगमधून वगळावं. रेंज नसेल तेव्हा कान वापरायचे: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून लगेच बैल सोडायला गेलेला माणूस सापडतो तो याच अर्ध्या तासात.

चक्रीवादळाच्या पत्रकांत ‘स्टॉर्म’ हा शब्द सर्वांत काटेकोर आहे. वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन, आणि ६२ ला पोहोचलं की ‘सायक्लोनिक स्टॉर्म’. नाव तेव्हाच मिळतं, आधी नाही. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, त्यापुढे आणखी पायऱ्या, आणि २२२ पासून सुपर सायक्लोन. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग हे ‘तीव्र चक्रीवादळ’ होतं, म्हणजे चक्रीवादळांच्या पायऱ्यांत खालून दुसऱ्याच पायरीवरचं. तरी श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पायरीचं नाव ऐकून धोका मोजू नये, वाऱ्याचा आकडा बघावा, ते यासाठी.

या पत्रकांची वेळ ठरलेली असते: किनाऱ्याला सावधगिरीची पहिली सूचना ७२ तास आधी, मग ४८ तास आधी अलर्ट, २४ तास आधी वॉर्निंग. नकाशावरचा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही; वादळाचं केंद्र कुठून कुठे जाऊ शकतं त्याची शक्यता दाखवतो. आपलं गाव शंकूच्या बाहेर आहे म्हणून वारा येणार नाही, असं समजणं हा सर्वत्र होणारा घोटाळा. ‘स्टॉर्म सर्ज’चं भाषांतर अनेकदा ‘वादळी लाट’ असं होतं, तेही सुधारायला हवं. ती एक लाट नसते. भरतीच्या पातळीवर समुद्राची अख्खी पातळीच चढते आणि लाटा त्यावर वेगळ्या येतात. ‘वादळी उधाण’ हा शब्द कोकणात लगेच कळेल.

बंदरावरचा बावटा ही जुनी सेवा आजही सगळ्यांत स्पष्ट बोलते. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका, म्हणजे स्क्वॉल. चार नंबर म्हणजे वादळाचा धोका आहे पण टोकाची खबरदारी घेण्याइतका अजून नाही. पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका, अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ॲप घ्यावं, पण बंदरावर नंबर कोणता लागला हे आधी विचारावं.

परदेशी असलेल्या मुला-नातवंडांशी बोलताना याच शब्दाची आणखी रूपं समोर येतात. ब्रिटनमध्ये २०१५ पासून वादळांना नावं देतात, पण ती वाऱ्याच्या ठरीव आकड्यावर नव्हे, परिणाम किती होईल त्यावर. जहाजांसाठी वापरल्या जाणाऱ्या बोफर्ट मोजपट्टीत मात्र ‘स्टॉर्म’ ही दहावी पायरी, ताशी ८९ ते १०२ किलोमीटर. आपल्याकडे ६२ ला ‘सायक्लोनिक स्टॉर्म’ सुरू होतं, तिथे तोच वारा ‘गेल’ ठरतो. अमेरिकेत ‘सिव्हिअर थंडरस्टॉर्म’ म्हणायला वारा ताशी ९३ किलोमीटर किंवा इंचभर गार लागते. शिवाय अमेरिकी संस्था चक्रीवादळाचा वारा एका मिनिटाच्या सरासरीने मोजतात, आपलं खातं तीन मिनिटांच्या. लहान अवधीची सरासरी मोठी निघते. अरबी समुद्रात वादळ असताना व्हॉट्सॲपवर ‘खातं आकडा लपवतंय, अमेरिकेचा बघा’ असे संदेश फिरतात, तेव्हा दोन्ही आकडे बरोबर असतात. मोजण्याचा अवधी वेगळा असतो.